महाप्राण

परभणीत स्टेशन रोडला मोईनचं दुकान.
पंख्याखाली एकावर एक रचलेले कीबोर्ड,
आणि स्टुलावर मी, उजवा हात पदराखाली.
नऊ महिन्यांपूर्वी एका सकाळी
तो चहाच्या कपापाशी थांबला
आणि थांबलाच.

जिंतूरच्या तहसीलीसमोर बावीस वर्षं अर्ज टाइप केले.
'सबब विनंती की' तर डोळे मिटून.
आजारानंतरचा पहिला अर्ज धुरपदाबाईचा.
डाव्या हातानं, अर्धा दिवस लावून.
बाबूनं खिडकीतून परत सरकवला,
एका शब्दाला लाल गोल: गरकुल.
"बाई, ही कुठली योजना?"

ग आणि घ एकाच कळीत राहतात.
घ ला बाहेर बोलवायचं
तर एका हातानं शिफ्ट धरून ठेवायची
आणि दुसऱ्यानं अक्षर.
ख चं तेच, छ चं तेच, थ, ध, फ, भ.
चौथीच्या बाईंनी सांगितलं होतं, हे महाप्राण,
तोंडापुढं तळहात धरा, वारा लागला पाहिजे.
त्या वाऱ्याला दोन हात लागतात
हे नव्हतं सांगितलं.

मग खरं चं करं होत गेलं.
कुणाच्या तरी दाखल्यात शाळा लिहायला गेले,
साला उमटलं.
आमच्या मुलखात तसंही म्हणलं चं मनलं होतं,
ह गिळायची सवय आहे जिभेला,
पण ते बोलण्यात. कागद ऐकून घेत नाही.
एकदा माझ्याच पावतीवर वाचलं, प्रबावती कंदारे.
ही बाई कोण?
हिचा श्वास कुठं गेला?

"हे बघा ताई, लायटिंगवालं. पोरं हेच नेतात."
पोळ्याच्या बैलासारखं निळं-जांभळं सजलेलं.
मी दाबलं तर खटकन बोटच माघारी आलं.
दुसरा इतका मऊ, की दाबलं का नाही ते कळेना.
तिसरा उंच, मनगट काठावरून खाली लोंबलेलं.
चौथा चांगला होता, पण टेबलावर सरकायचा,
म्हणजे त्याला धरायला परत दुसरा हात.
कळ हा शब्द आपल्यात
बटणालाही आहे, दुखण्यालाही.
संध्याकाळपर्यंत दोन्ही दाबून झाल्या.

शेवटी मी वीत टाकली.
मोईन हसला, "कापड घेताय काय?"
एकेका कीबोर्डावर करंगळी ते अंगठा,
करंगळी ते अंगठा.
ढिगात खालून तिसरा निघाला,
सेलूच्या बंद पडलेल्या क्लासमधला,
आकड्यांचा कोपरा नसलेला, आखूड, बसका,
बुडाला रबर.
अक्षरं पुसलेली. मला चालतंय.
दोन टिंबं मात्र शाबूत,
एक ऱ्हस्व वेलांटीवर, एक र वर.
बोटानं ती ओळखली
आणि बावीस वर्षं जागच्या जागी सापडली.

करंगळी शिफ्टवर ठेवून अंगठा ताणला.
क पर्यंत पोचला.
ग पर्यंत नाही. दोन बोटं कमी.
मी काही बोलले नाही.
मोईनचा भाचा सुफियान, दहावी नापास,
मोबाइलमधून मान वर करून म्हणाला,
"शिफ्ट पाचदा दाबा खाला."
दाबली. संगणक टुंग वाजला, काहीतरी विचारलं,
पोरानंच 'हो' केलं.
आता एकदा दाबून सोडून दिली
तरी शिफ्ट थांबते,
पुढचं अक्षर येईस्तोवर.
कुणी धरून ठेवलं नसताना थांबणारं
बऱ्याच दिवसांत काही बघितलं नव्हतं.

साडेचारशे. पन्नास त्यानंच सोडले.
एसटीत तो मांडीवर घेऊन आले,
कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं, गमतीनं.

गुरुवारी धुरपदाबाई आली,
जुना अर्ज चार घड्या करून कमरेला.
मी शिफ्ट दाबली. सोडली.
ती थांबली.
मग सावकाश, ज्या बोटाला जमेल त्या बोटानं, ग ची कळ.
धुरपदाबाईला वाचता येत नाही,
तरी पडद्याकडं वाकून बघत होती.
"आलं का घर?"

म्हणलं, घ आलाय.
र ला वेळ नाही लागायचा,
त्याच्यावर टिंब आहे.